साथीच्या हंगामाआधी रुग्णालयाने पैसा कुठे लावावा: सगळ्यांना एन-९५, की पगारी आजारी रजा?

निळा_एप्रन

जुलै ते सप्टेंबर हा आपल्याकडे फ्लूचा मोठा हंगाम, जानेवारी ते मार्च दुसरा, जरा लहान. दरवर्षी तेच होतं. पेशंट वाढतात त्याच आठवड्यात स्टाफ आडवा पडतो, उरलेल्यांना डबल ड्यूटी लागते आणि मग त्यांचाही नंबर लागतो.

माझं मत स्पष्ट मांडते. शंभर खाटांच्या रुग्णालयाने हंगामाआधीचा पैसा आधी पगारी आजारी रजेवर आणि ड्यूटी रूमच्या हवेवर लावावा. सरसकट एन-९५ वाटणं त्यानंतर.

कारण बघा. पेशंटजवळ सिस्टर मास्क लावून असते, तेही काही मिनिटं. हँडओव्हर, म्हणजे पाळी पुढच्या सिस्टरकडे सोपवणं, झाल्यावर मात्र दहा बाय बाराच्या खोलीत सहा जणी मास्क काढून, गुडघ्याला गुडघा लावून डबा खातात. एसी चालू, खिडकी बंद. त्यातल्या एका मावशीने सकाळी अंग दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल घेतलेली असते. ती कंत्राटी असते, खाडा पडला की त्या दिवसाचा पगार जातो. गेटवरची थर्मल गन तिला पकडत नाही, कारण गोळीने चार-सहा तास ताप दबलेला असतो.

म्हणून नियम असा हवा: गोळी न घेता सलग २४ तास ताप नाही, तरच कामावर. त्यासाठी वर्षाला किमान पाच दिवस वेगळी पगारी रजा, आणि पहिल्या तीन दिवसांना डॉक्टरचा दाखला मागायचा नाही. दाखला मागितला की तापलेलं माणूस आपल्याच ओपीडीत रांगेत दोन तास बसतं. हाउसकीपिंगच्या कंत्राटातही लिहून घ्या की बदली माणूस ठेकेदार देईल, पण दोघांची त्या दिवसाची मजुरी रुग्णालय भरेल. नाहीतर ठेकेदार आजारी माणसालाच पुन्हा पाठवतो.

सूक्ष्मदर्शी

ताई, रजेबद्दल वाद नाही, क्रमाबद्दल आहे. फ्लूचं माणूस लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासून विषाणू सोडायला लागतं. काहींना ताप येतच नाही, नुसता घसा खवखवतो. रजेचा नियम कितीही चांगला असला तरी त्या पहिल्या दिवसाला तो हात लावू शकत नाही.

दुसरं, तुम्ही फक्त फ्लू धरून हिशोब करताय. २००३ च्या सार्स या श्वसनाच्या साथीत जगभरात ८,०९६ जणांना लागण झाली, त्यात १,७०६ आरोग्य कर्मचारी होते. पाचातला एक. २००१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या सिलिगुडीत निपाह विषाणूचे ६६ रुग्ण निघाले, त्यातले बहुतेक रुग्णालयाचे कर्मचारी किंवा पेशंटला भेटायला आलेले लोक. असा पेशंट दाखल होतो तेव्हा कपाळावर नाव लिहून येत नाही, 'ताप आणि श्वास लागतोय' एवढंच म्हणून येतो. त्या रात्री इंट्युबेशन (श्वासनलिकेत नळी घालणं) करणाऱ्या डॉक्टरच्या आणि सक्शन (घशातला स्राव ओढणारी नळी) धरणाऱ्या सिस्टरच्या तोंडावर काय आहे, यावर सगळं ठरतं.

पण मास्कवर पैसा म्हणजे नुसती खोकी विकत घेणं नव्हे, हेही तितकंच खरं. आपल्याकडे फिट टेस्ट, म्हणजे मास्क चेहऱ्याला घट्ट बसतो का याची तपासणी, जवळपास होतच नाही. ती अवघड नाही. आधी १५ मिनिटं पाण्याशिवाय काही खायचं-प्यायचं नाही. डोक्यावर हूड घालून सॅकरीनचा सौम्य फवारा मारायचा आणि माणसाला ती गोडी कळते का ते बघायचं. मग मास्क लावून कडक द्रावण, दर ३० सेकंदांनी पुन्हा फवारा. एकेक मिनिट सात गोष्टी: साधा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवी, मान वर-खाली, मोठ्याने वाचन, कमरेत वाकणं, पुन्हा साधा श्वास. जिभेवर गोड लागलं की मास्क गळतोय. दुसरा आकार किंवा दुसरी बनावट द्यायची आणि पुन्हा करायचं. माणशी १५-२० मिनिटं जातात.

नापास होण्याची कारणं ठरलेली आहेत. नाकाची पट्टी एका हाताच्या चिमटीत दाबली की मधे टोक येतं आणि दोन्ही बाजूंना फट राहते. ती दोन्ही हातांच्या बोटांनी नाकापासून गालाकडे दाबत न्यायची. खालचा पट्टा मानेमागे न घेता हनुवटीखाली लोंबत ठेवतात. दाढीचे खुंट असले तर कडा टेकतच नाही. आणि कानात अडकवायचे मास्क स्वस्त म्हणून घेतले जातात, पण त्यांना चेहऱ्यावर आवळून बसवणारा ताणच नसतो.

निळा_एप्रन

सर, इंट्युबेशन, सक्शन, ब्रॉन्कोस्कोपी (दुर्बिणीने श्वासनलिका तपासणं) यांना एन-९५ हवाच, तिथे मी एक पैसा कमी करणार नाही. माझा विरोध 'सरसकट'ला आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या बाह्यरुग्ण विभागांतला मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला, २,८६२ कर्मचाऱ्यांचा. फ्लूची लागण एन-९५ गटात ८.२ टक्के, साध्या सर्जिकल मास्कच्या गटात ७.२ टक्के. फरक दखल घेण्याजोगा नव्हता. मग ओपीडीतल्या केसपेपर काढणाऱ्याला एन-९५ देऊन मी काय मिळवलं?

सूक्ष्मदर्शी

त्या प्रयोगात मास्क कधी लावायचा होता तेही सांगा. श्वसनाचा आजार असलेल्या पेशंटच्या सहा फुटांच्या आत असतानाच. घरी, बसमध्ये, जेवताना लागलेला फ्लू दोन्ही गटांत सारखाच मिसळला, त्यात मास्कचा फरक असला तरी झाकला जाऊ शकतो. 'एन-९५ निरुपयोगी' असा अर्थ त्यातून काढता येत नाही. 'पेशंटजवळच लावलेला मास्क पुरत नाही' असा काढता येतो, आणि तो तुमच्या ड्यूटी रूमच्या मुद्द्याला बळ देतो, हे मान्य करतो.

हवा_खेळती

वातानुकूलनाच्या बाजूने बोलतो, कारण दोघांनीही खोलीचा हिशोब केला नाही.

दहा बाय बारा, उंची दहा फूट: १,२०० घनफूट, म्हणजे साधारण ३४ घनमीटर. जागतिक आरोग्य संघटनेने पेशंट नसलेल्या जागांसाठी माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा सांगितली आहे. सहा जणींना ६० लिटर, ताशी २१६ घनमीटर. तासाला सहापेक्षा थोड्या जास्त वेळा खोलीतली सगळी हवा बदलली पाहिजे. तेवढा वेग असेल तर हवेत तरंगणारे ९९ टक्के कण जायला ४६ मिनिटं लागतात. तासाला दोनच बदल असतील तर १३८ मिनिटं, म्हणजे सकाळची टोळी चहा घेऊन गेली तरी तिची हवा दुपारच्या टोळीला मिळते. १२ बदलांना २३ मिनिटं. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही, आहे तीच थंड करून फिरवतो.

नऊ इंची एग्झॉस्ट फॅन या कामाला पुरतो. तो बसवल्यावर पुढच्या तीन चुका होतात. पहिली, हवा आत यायला वाट नसते. दार बंद केलं की फॅन नुसता गुरगुरतो. दाराच्या खालच्या भागात एक फूट बाय आठ इंचांची उघडी जाळी द्या. दुसरी, फॅन उघड्या खिडकीच्या शेजारीच बसवतात. तो खिडकीतली हवा ओढून तिथल्या तिथे बाहेर फेकतो आणि टेबलाभोवतीची हवा जागची हलत नाही. खिडकी आणि फॅन समोरासमोरच्या भिंतींत हवेत. तिसरी सगळ्यात वाईट: फॅनचं तोंड बाहेर न काढता पॅसेजमध्ये काढतात.

तपासायला यंत्र लागत नाही. दार लावा, फॅन चालू करा आणि जिथे डबे उघडतात तिथे, टेबलाच्या उंचीवर, उदबत्ती धरा. धूर सरळ उभा चढत राहिला तर हवा मेलेली आहे. फॅनकडे आडवा वाकून ओढला गेला तर काम झालं. हीच उदबत्ती आयसोलेशनच्या, म्हणजे संसर्गाचे पेशंट वेगळे ठेवायच्या, खोलीबाहेर दाराच्या फटीशी धरा, धूर आत ओढला गेला पाहिजे. बाहेर येत असेल तर ती खोली अख्ख्या मजल्याला विषाणू वाटतेय.

रोस्टरवाली

ड्यूटी लावणाऱ्या माणसाची अडचण कुणीच मांडली नाही, म्हणून लिहिते. वॉर्डात दर पाळीला दोन सिस्टर म्हणजे तीन पाळ्यांना सहा, साप्ताहिक सुट्टी धरून सात. आठवी मंजूरच नसते. बिनदाखल्याची रजा द्या म्हणणं सोपं आहे. रात्री नऊ वाजता फोन आला की त्या पाळीला उभं कोण राहणार? संध्याकाळचीच सिस्टर सलग सोळा तास. थकलेली सिस्टर हात धुवायला चुकते, सुई टोचून घेते. तापलेल्या सिस्टरइतकाच तोही धोका आहे.

म्हणून माझा क्रम वेगळा आहे: आधी फ्लूची लस. एप्रिल-मे मध्ये, कारण प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन आठवडे लागतात. ०.५ मिली, दंडाच्या स्नायूत. ती वॉर्डात ट्रॉलीवर नेऊन द्या, रात्रपाळीलाही. 'सकाळी अकरा ते एक, तळमजला' अशी नोटीस लावली की रात्रपाळी, स्वयंपाकघर आणि लाँड्री हमखास सुटतात. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००५ मध्ये लस नोकरीची अटच केली, तेव्हा ९७ टक्क्यांहून जास्त स्टाफने घेतली.

सूक्ष्मदर्शी

लस हवीच, सक्ती नको. विषाणूशी जुळलेल्या वर्षीही ती ४० ते ६० टक्के परिणाम देते. तेवढ्यावर कुणाची नोकरी काढता येणार नाही. ट्रॉलीचा मुद्दा मात्र शंभर टक्के पटला. आणि वॉर्डात नेब्युलायझरऐवजी (औषधाची वाफ देणारं यंत्र) जमेल तिथे स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून श्वासाचा पंप द्या. मास्क काढून औषध घेताना खोकणारा पेशंट सिस्टरच्या तोंडाशी असणं त्याने बरंच कमी होतं.

निळा_एप्रन

रोस्टरवाली ताई, आठवीचा मुद्दा मी सोडायला नको होता. बदली माणसाशिवाय रजा म्हणजे ओझं एकीच्या अंगावरून दुसरीच्या अंगावर टाकणं. माझा क्रम सुधारते: लस मे संपायच्या आत, जाळी आणि फॅन त्याच महिन्यात, आणि जून ते सप्टेंबर दर दोन वॉर्डांमागे एक राखीव सिस्टर. तिचे चार महिन्यांचे पगार सरसकट एन-९५ च्या पैशातून काढा. एन-९५ फक्त आयसीयू, कॅज्युअल्टी, आयसोलेशन आणि भूल विभागाला, पण तिथल्या प्रत्येकाची फिट टेस्ट करून, मामा-मावशी (वॉर्डबॉय, आया) धरून. आयसोलेशनमधली चादर आणि सक्शनची बाटली तेच उचलतात, आणि फिट टेस्टच्या यादीत त्यांचंच नाव नसतं.

रोस्टरवाली

दर दोन वॉर्डांमागे एक राखीव मिळत असेल तर बिनदाखल्याच्या रजेवर मी सही करते. फक्त ती राखीव सिस्टर हंगामात ओपीडीच्या गर्दीला पळवायची नाही, हे त्याच कागदावर लिहून द्या.