दिवाळीला कोल्हापूरला मामांकडे जायचंय: कॅम्पर, एक घोडी, दोन कुत्री. कसं जमवावं?

मावळपाखरू
नमस्कार मंडळी. प्रश्न विचित्र आहे. आधी हसून घ्या, मग उत्तर द्या.

आम्ही मुळशीजवळ राहतो. आम्ही दोघं, दहा वर्षांची लेक, नऊ वर्षांची मारवाडी घोडी बिजली आणि दोन कुत्री. एक कारवानी आहे. दुसरा रस्त्यावरून उचललेला, त्याच्या जातीचा विषय घरात कुणी काढत नाही. दर दिवाळीला आमच्यातला एक जण जनावरांसाठी मागे राहतो आणि मग वर्षभर ते ऐकवतो. यंदा आजीने फोनवर सांगितलं, "सगळी या. जनावरांसकट या. पंच्याऐंशी झाली मला, पुढच्या दिवाळीचं कुणी सांगितलंय?" विषय संपला.

मामांचं घर शिवाजी पेठेत, पण शेत पन्हाळा रोडला केर्लीच्या अलीकडे. शेतावर दोन खोल्या, विहीर आणि दोन म्हशींचा गोठा आहे. आम्ही ट्रॅव्हलरवर बांधलेली कॅम्पर भाड्याने बघितली आहे. झोपायला चार जागा, गॅस, पेटीचा संडास. आठ दिवस शेतावर कॅम्परमध्ये राहायचं, जेवायला पेठेत जायचं, असा बेत आहे.

अडलंय ते घोडीपाशी. नवरा म्हणतो कॅम्परच्या मागे ट्रेलर लावू. मला ते झेपेल असं वाटत नाही. असं कुणी केलंय का? रस्त्यात कुठे थांबायचं? आणि शेतावर नेमकं काय काय विचारून ठेवायचं?

ओहायोकर
माझं बालपण राजारामपुरीत गेलं, आता इकडे अमेरिकेत असतो. तुमच्या यजमानांनी बहुतेक इकडचे व्हिडिओ पाहिलेत. इथे लोक पिकअपच्या हौद्यात आकडा बसवून मोठा ट्रेलर ओढतात. मागच्या भागात घोडे तिरके उभे, पुढच्या भागात पलंग, ओटा, न्हाणीघर. दिसायला झकास. पण त्यासाठी रुंद रस्ते, वळायला जागा आणि रात्री घोडा उतरवायला मिळणारी जत्रेची मैदानं लागतात. पैसे देऊन घोड्याला रात्रभर ठेवायच्या जागासुद्धा इथे असतात. एका राज्यातून दुसऱ्यात जाताना कॉगिन्स नावाच्या रक्ततपासणीचा कागद आणि पशुवैद्याचा ताजा दाखला जवळ ठेवावा लागतो.

एवढं सगळं असूनही दोन गोष्टी इथे कुणी करत नाही. चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसत नाही आणि घोड्याच्या कप्प्यात कुत्रा ठेवत नाहीत. शिवाजी पेठेत ट्रेलर घालायचा विचार असेल तर आधी गल्ली मोजून या. मी लहानपणी तिथे टांगा अडकलेला पाहिलाय.

डॉक्टर_खूर
पशुवैद्य म्हणून लिहितो, थोडं लांबेल.

ट्रेलरची कल्पना सोडा. आपल्याकडे ट्रेलरची नोंदणी वेगळी करावी लागते आणि भाड्याची गाडी देणारा मागे आकडा बसवू देईल असं धरून चालू नका. घोडी वेगळ्या टेम्पोत येऊ दे, नेहमी घोडे वाहणाऱ्या माणसाच्या. कॅम्पर तिच्या मागे ठेवा, पुढे नको. मागून चाललात तर ती पाय आपटतेय का, अंग टाकतेय का, हे तुम्हाला दिसतं.

कागद: प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. १९७८ च्या जनावर वाहतूक नियमांतच तसं आहे. त्याच नियमांत आणखी एक कामाची गोष्ट आहे. घोड्याचं तोंड डावीकडे ठेवायचं, म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांना ते बिचकत नाही. कुत्री टेम्पोत नकोत. धनुर्वाताची लस घेतली आहे ना, बघा. ग्लँडर्सची रक्ततपासणी तीन आठवडे आधीच करा, अहवाल यायला वेळ लागतो. हा रोग माणसालाही होतो, आणि जनावर बाधित निघालं तर २००९ च्या कायद्याप्रमाणे त्याला मारावं लागतं. म्हणून वाटेत धाब्यावरच्या किंवा दुसऱ्या पागेतल्या हौदाला तिचं तोंड लावू नका. आपली बादली, आपलं पाणी.

आता खरा धोका. घोड्याला ओकता येत नाही. पोटात जे गेलं ते पुढेच सरकलं पाहिजे. पाणी कमी प्यायली, चारा एकदम बदलला, की पोटशूळ ठरलेला. परकं पाणी घोडी हुंगते आणि तोंड फिरवते. यावर कोल्हापूरकरांकडेच औषध आहे, गूळ. निघायच्या आठ दिवस आधीपासून घरच्या बादलीत गुळाचा लहानसा खडा विरघळवून द्या. तीच चव शेतावरच्या पाण्याला आली की ती पिते. खडा म्हणजे खडा. मामांनी ढेप फोडून पुढ्यात ठेवली तर खूर सुजायची भीती असते.

दर तीन तासांनी थांबा आणि तिचं डोकं मोकळं सोडा. मोरकी उंच बांधून तासन्‌तास उभी ठेवली की नाका-घशातली घाण खाली येत नाही, छातीत उतरते. डोकं गुडघ्याच्या खाली नेता आलं पाहिजे. पंधरा-वीस मिनिटं पुरे. टेम्पोतून उतरवायची गरज नाही, हायवेच्या कडेला तर मुळीच उतरवू नका.

उसातला_वाघ
ताई, या की. केर्लीच्या बाजूचाच हाय मी.

तारीख दिवाळीची म्हंजे कारखान्यांचं गळीत तोंडावर, काहींचं चालूबी झालेलं असतंय. कऱ्हाडपासनं इकडं रात्री उसाच्या ट्रॉल्या म्हंजे काळोखात भिंत चाललीय असं वाटतंय. मागं लाल दिवा असंल तर नशीब. त्यात सहापदरीकरणाचं काम, कुठं रस्ता वळवलाय ते काल एक आणि आज दुसरंच. म्हणून रात्री अजिबात येऊ नका.

पण दिवाळीत दिवसा निघालासा तर खंबाटकी घाटात घोडं पेंड खातंय. सुट्टीत तिथं तासन्‌तास गाड्या उभ्या असतात, आणि उभ्या टेम्पोत घोडी तापती. पहाटे चारला सुटा. उजाडता उजाडता घाट पार. साताऱ्याच्या पुढं पहिला थांबा, कऱ्हाडला ऊन वर आलेलं असंल, म्हंजे ट्रॉल्या दिसतील तरी. पुण्यापासनं अडीचशे किलोमीटरच्या आतच काम हाय, टेम्पो सावकाश आला तरी दुपारच्या जेवणाला पोचतायसा. शिरोलीकडनं शहरात शिरून रंकाळ्यावर फोटो काढायची हौस नंतर करा. आधी घोडी शेतावर.

आणि एक. मामांना आत्ताच फोन करून सांगा, घोडीला वाढं टाकू नका म्हणून. आमच्याकडं माया म्हंजे वैरण. उसाचं हिरवंगार वाढं म्हशीला टाकतोय तसं तिच्याबी पुढं पडणार. मामा नाही टाकले तर शेजारचा टाकंल.

डॉक्टर_खूर
हे शंभर टक्के खरं. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते अंगातलं कॅल्शियम धरून ठेवतं. म्हशीचं पोट ते बऱ्यापैकी निभावतं. घोडीला सवय नसताना ढीगभर पडलं तर आधी पोट दुखणार. मुळशीहून आठ दिवसांचं वाळलं गवत आणि खुराक बरोबर घ्या, शाळूचा कडबा मिळाला तर थोडा थोडा मिसळत न्या. अडीअडचणीला १९६२ हा पशुसंवर्धनाचा टोलफ्री क्रमांक आहे, पण घोड्याचा अनुभव असलेला स्थानिक डॉक्टर आधीच शोधून ठेवा. गाई-म्हशींचे डॉक्टर गल्लोगल्ली आहेत, घोड्याचा हात असलेले मोजके.

कारवानप्रेमी
कुत्र्यांबद्दल कुणी बोलेना म्हणून मीच लिहिते.

कारवानीला शेतावर मोकळं सोडू नका. ही शिकारीची जात. ससा दिसला की तुमची हाक त्याच्या कानापर्यंत पोचत नाही. सशाला मारलं तर १९७२ चा वन्यजीव कायदा आहे आणि तो कुत्र्याला लागू होत नाही, मालकाला होतो. पन्हाळ्याच्या बाजूला उसात बिबट्या असतो, हे वेगळं सांगायला नको. अंधार पडला की दोघं कॅम्परच्या आत. रोज संध्याकाळी कान, काखा आणि बोटांच्या मधल्या जागा चाचपून गोचीड काढा.

दिवसा बंद कॅम्परमध्ये कुत्री ठेवून पेठेत जेवायला जाऊ नका. ऑक्टोबरच्या उन्हात पत्र्याची गाडी अर्ध्या तासात भट्टी होते, खिडकीची फट सोडून काही होत नाही. शेतावरच्या थ्री फेज लाइटच्या वेळा विचारून घ्या, एसीच्या भरवशावर राहू नका.

आणि फराळ! तासगावचे बेदाणे घातलेला चिवडा, लाडू यातला एक दाणासुद्धा नको, बेदाण्याने कुत्र्याची किडनी जाते. तांबडा-पांढरा तर नकोच, कांदा-लसूण दोन्ही वाईट, आणि शिजलेल्या हाडाच्या काचा होतात. आजी म्हणेल, "आमचा मोत्या पंधरा वर्षं हेच खाऊन जगला." तिच्याशी वाद घालू नका, मुकाट्याने ताट उचला.

पंचगंगाकाठ
संडासाच्या पेटीचं कुणी बोललं नाही. आपल्याकडे ती रिकामी करायला सोय नसते. शेतावरच्या संडासात ओता, ओढ्यात नको. पंचगंगेला आधीच पुष्कळ सोसावं लागतंय.

फटाक्यांसाठी: घोडी मोकळ्यावर बांधू नका, गोठ्यात घ्या, आत दिवा आणि रेडिओ चालू ठेवा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री एक माणूस तिच्याजवळ. जनावर ओळखीचा आवाज ऐकतं तेव्हा बाहेरच्या फटाक्यांचं एवढं मनावर घेत नाही. आणि जागा देताना तिचं तोंड भिंतीकडे की दाराकडे हे तिलाच ठरवू द्या, साखळी लांब ठेवा.

मावळपाखरू
ट्रेलर रद्द. नवऱ्याने तोंड पाडलंय, पण "गल्ली मोजून या" वाचून हसला. ग्लँडर्सचं रक्त उद्या. गूळ आजपासून.

मावळपाखरू
(दिवाळीनंतर)

आलो परत, सगळे धडधाकट. जे विसरण्याआधी लिहायचं ते लिहिते.

पहाटे चारला निघालो. घाटात गर्दी होती, पण चालती. साताऱ्याच्या पुढे थांबलो तर बिजलीने घरचं पाणी अर्धी बादली प्यायलं, कऱ्हाडला ढुंकूनही बघितलं नाही. माझं धाबं दणाणलं. शेतावर पोचलो पावणेबाराला. विहिरीच्या पाण्यात गुळाचा खडा टाकला, तिने ओठांनी पाणी हलवलं, फुरफुरली, माझ्या अंगावर उडवलं आणि बादली तळापर्यंत संपवली. तिथेच बांधावर बसून मी डबा उघडला.

अडचण आली ती ध्यानीमनी नसलेल्या ठिकाणी. बिजलीने जन्मात म्हैस बघितली नव्हती. गोठ्याच्या दारात चारही पाय रोवून उभी, नाकपुड्या फुगवून. म्हशी रवंथ करत बघत होत्या. शेवटी मामांनी मध्ये भाताच्या पिंजराच्या पेंढ्या रचून कमरेएवढी भिंत केली आणि लेकीने हातात खरारा घेऊन अर्धा तास तिची मान घासली, तेव्हा बाई आत आल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर भिंतीवरून मान टाकून धाकट्या म्हशीच्या पाठीला नाक लावून उभी.

वाढ्याचं सांगून ठेवलं होतं, मामांनी शब्द पाळला. शेजारच्या तात्यांनी पाळला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गव्हाणीत हिरवा भारा! चार तोंडं मारली असतील, लगेच काढला. संध्याकाळी लीद नेहमीसारखी पडेपर्यंत मी तिच्या मागेच उभी होते. असं कुणाच्या वाटेला डोळे लावून मी आयुष्यात कधी बसले नव्हते. तात्यांना डॉक्टरसाहेबांचा निरोप वाचून दाखवला, तर म्हणाले, "एवढ्या लांबनं पाव्हणी आली, मोकळी कशी ठेवायची?"

कारवानी एकदाही सुटला नाही. बिनजातीच्याने आजीच्या मांडीशी बसून शंकरपाळ्या खाल्ल्या, बेदाणे नव्हते, मी बघितलं नाही असं दाखवलं.

आजीला पेठेतून शेतावर आणली. काठी टेकत बिजलीजवळ गेली, कपाळावरची चांदणी बघितली, पदराने तिच्या डोळ्यांच्या कडा पुसल्या आणि मामांना म्हणाली, "हिला खायला काय दिलंस?"

आता एक नवीन प्रश्न. तुळशीच्या लग्नानंतर गावात दोन वराती आहेत आणि तात्यांनी परस्पर "घोडी मिळंल की" असं कुणाला तरी सांगून टाकलंय. रोज फोन येतोय. नात्यात वाईट न होता नाही कसं म्हणायचं?

उसातला_वाघ
ताई, कोल्हापुरात नाही म्हणायची सोय न्हाई. घोडी गाभण हाय म्हणून सांगा.

डॉक्टर_खूर
आणि मग पुढच्या दिवाळीला शिंगरू कुठंय विचारतील.