विषय: सल्लागार नेमावा की पैसे आपणच सांभाळावेत?

अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळाच्या समितीमार्फत, नाव न देता:

नमस्कार मंडळी,

प्रश्न घरचा आहे, म्हणून समितीला विनंती करून नाव न घालता पाठवते आहे. ओळखणारे ओळखतीलच, त्याला माझी हरकत नाही.

हे जाऊन श्रावणात वर्ष होईल. पैशाचं सगळं तेच बघायचे. रविवारी चहा झाला की एक्सेलच्या तक्त्यात आकडे भरत बसायचे आणि मला हाक मारायचे, "जरा बघून ठेव गं." मी पोह्यांना फोडणी घालता घालता "हो हो" म्हणायचे. आता तो तक्ता माझ्यासमोर उघडा असतो. एकवीस रकाने आहेत, त्यातले सहा मला कळतात.

ह्यांच्या ४०१(के)मध्ये, म्हणजे कंपनीमार्फतच्या निवृत्तीच्या खात्यात, साधारण ४ लाख डॉलर आहेत. विम्याचे २ लाख आले ते बचत खात्यात तसेच पडून आहेत. शिवाय भारतातले काही म्युच्युअल फंड आहेत. माझं वय ५४. शाळेत नोकरी करते, घराचं कर्ज फिटलंय.

ओळखीतले एक सल्लागार घरी येऊन गेले. ४०१(के) त्यांच्याकडे आयआरएमध्ये (कंपनीबाहेरच्या, स्वतःच्या निवृत्ती खात्यात) हलवायचा, त्यावर वर्षाला एक टक्का फी, आणि विम्याच्या पैशांची अ‍ॅन्युइटी (पैसे भरून पुढे ठरावीक उत्पन्न देणारी विमा कंपनीची योजना) घ्यायची, असं म्हणाले. माणूस चांगला आहे. हे गेले तेव्हा आठवडाभर त्यांच्या घरून डबा येत होता, त्यामुळे नाही म्हणायला जीभ रेटत नाही. मुलगा म्हणतो, "आई, इंडेक्स फंडात टाक आणि विसरून जा." म्हणजे बाजाराच्या निर्देशांकाबरोबर वरखाली होणाऱ्या फंडात. मला दोन्ही ऐकून रात्री झोप लागत नाही. तुम्ही आपापल्या घरी काय करता?

*

एडिसनहून (न्यू जर्सी) एक काका:

ताई,

आधी एक करा. काहीच करू नका. निदान दोन महिने कुठल्याही कागदावर सही नको. पैसे बचत खात्यात पडून राहिले म्हणून कुणी बुडत नाही, घाईत केलेली सही मात्र निस्तरताना नाकीनऊ येतात.

४०१(के) हलवण्याबद्दल एक गोष्ट त्या सल्लागारांनी सांगितली का? नवऱ्याचा ४०१(के) तुम्ही स्वतःच्या नावाच्या आयआरएमध्ये घेतलात, तर साडेएकोणसाठ वर्षं पूर्ण होण्याआधी काढलेल्या पैशांवर नेहमीच्या कराशिवाय १० टक्के दंड बसतो. वारस म्हणून पैसे तिथेच ठेवले, किंवा वारसा म्हणून वेगळ्या आयआरएमध्ये घेतले, तर तो दंड लागत नाही. तुम्हाला साडेपाच वर्षं काढायची आहेत. मध्येच घराचं छप्पर गळायला लागलं, तर? ह्यांच्या कंपनीच्या प्लॅनला फोन करून विचारा, वारसाला पैसे तिथे ठेवता येतात का.

आता फीबद्दल. ४ लाखांचा एक टक्का म्हणजे वर्षाला ४,००० डॉलर. मीही अकरा वर्षं एक टक्का भरला. बिल कधी घरी आलं नाही, म्हणून बोचलं नाही. दर तिमाहीला ते खात्यातूनच वळतं व्हायचं आणि स्टेटमेंटच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ असायची. निवृत्त झाल्यावर एकदा सगळी स्टेटमेंटं जेवणाच्या टेबलावर पसरून त्या ओळींवर पेन्सिलीने खुणा केल्या. बेरीज झाल्यावर मी आणि ही, दोघं गप्प बसलो.

४ लाख वीस वर्षं ६ टक्क्यांनी वाढले तर साधारण १२ लाख ८३ हजार होतात, ५ टक्क्यांनी वाढले तर १० लाख ६१ हजार. मधले २ लाख २० हजारांहून जास्त त्या एका टक्क्याचे. सल्ला फुकट मिळावा असं मी म्हणत नाही. डॉक्टर तपासण्याचे पैसे घेतो, तुमच्या मिळकतीचा हिस्सा मागत नाही. तासाचे किंवा ठरावीक रकमेचे पैसे घेऊन आराखडा करून देणारे सल्लागार आहेत, त्यांच्याकडे जा.

*

पार्सिपनीहून (न्यू जर्सी) एक ताई:

काकांचा हिशेब बरोबर आहे, पण आमच्या घरचंही सांगते.

२०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एस अँड पी ५००, म्हणजे अमेरिकेच्या शेअर बाजाराचा निर्देशांक, महिन्याभरात ३४ टक्के पडला. माझा नवरा स्वतः इंजिनिअर, आकड्यांत हुशार. २० मार्चच्या रात्री तो सगळं विकायला बसला होता. मी आमच्या सल्लागार बाईंना फोन केला. त्या तासभर त्याच्याशी बोलल्या. बाजाराबद्दल फार कमी बोलल्या, मुलींची कॉलेजं कधी, घरखर्चाला किती महिने पुरेल, हेच विचारत राहिल्या. त्याने लॅपटॉप मिटला. ऑगस्टमध्ये बाजार पुन्हा आधीच्या शिखराच्या वर होता.

तो तास मला महाग वाटत नाही. "टाक आणि विसरून जा" हे ज्याला खरंच विसरता येतं त्याच्यासाठी ठीक आहे. ताई, तुमची झोप आत्ताच उडालीय. बाजार पडेल त्या दिवशी तुम्ही कुणाला फोन करणार, हे आधी ठरवा. मुलाला करणार असाल तर त्यालाही विचारून ठेवा.

*

मंडळातला एक सीपीए, म्हणजे हिशेब-कराचा जाणकार (मंडळातल्या कुणाचं काम मी घेत नाही, हे निव्वळ माहितीसाठी):

भारतातल्या म्युच्युअल फंडांकडे कुणीच बघितलं नाही, म्हणून लिहितो. अमेरिकेच्या कर खात्याच्या लेखी ते बहुतेक सगळे पीफिक, म्हणजे वेगळे कर-नियम लागणारे परदेशी फंड. त्यांच्यासाठी फॉर्म ८६२१ असतो, आणि वेळीच योग्य पर्याय निवडला नसेल तर नफ्यावर चढ्या दराने कर आणि वर व्याज लागतं. परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरावाच लागतो. आधीच्या वर्षांचे विवरण काढा आणि हे भरलं होतं का ते तपासा. राहून गेलं असेल तर घाबरू नका, पण फंड विकण्याआधी भारत-अमेरिका दोन्हीकडचे नियम जाणणाऱ्याला दाखवा. इथे खर्च केलेले पैसे वसूल होतात. इंडेक्स फंड निवडायला माणूस लागत नाही, या गाठी सोडवायला लागतो.

सल्लागाराला विचारा, "तुम्ही प्रत्येक वेळी फिड्युशिअरी म्हणून, म्हणजे माझंच हित आधी बघून, काम कराल, हे लेखी द्याल का?" आणि "या अ‍ॅन्युइटीवर तुम्हाला कमिशन किती, आणि मी पाच वर्षांनी मोडली तर सरेंडर चार्ज किती?" फी-ओन्ली आणि फी-बेस्ड हे शब्द सारखे वाटतात, पण पहिला फक्त तुमच्याकडून फी घेतो, दुसरा कमिशनही घेऊ शकतो. फिनराच्या (ब्रोकरांवर देखरेख करणारी संस्था) ब्रोकरचेक या वेबसाइटवर नाव टाकून बघा, फुकट आहे. सल्लागाराचा फॉर्म एडीव्ही (सरकारकडे भरलेली त्याची माहिती) मागून घ्या, त्यात फी आणि हितसंबंध लिहिलेले असतात.

*

समितीमार्फत, पहिल्या मेलच्या लेखिकेकडून, तीन आठवड्यांनी:

सगळ्यांचे मनापासून आभार.

प्लॅनला फोन केला. पैसे तिथेच ठेवता येतात, ठेवले. त्या सल्लागारांना कमिशनचं विचारताना माझा आवाज कापत होता. "कळवतो" म्हणाले, अजून कळवलेलं नाही. अ‍ॅन्युइटी नको म्हणून सांगितलं. डब्याबद्दल त्यांच्या बायकोला भेटून येणार आहे, ते उपकार वेगळे.

तासाने पैसे घेणाऱ्या एका बाईंकडे पुढच्या महिन्याची वेळ घेतलीय. एफबार ह्यांनी दर वर्षी भरला होता. ८६२१ मात्र सापडला नाही, त्यासाठी वेगळा माणूस शोधते आहे.

आणि एक. रविवारी मराठी शाळा चालू असते तेव्हा आपण पालक दोन तास बाहेर बसलेले असतो. त्यातल्या ज्या बायकांना घरचे पैसे कुठे आहेत हे माहीत नाही, त्यांनी एकेक स्टेटमेंट घेऊन यावं. आकडे झाकून आणले तरी चालतील. मी ह्यांचा तक्ता रिकामा करून त्याच्या प्रती काढून आणते. चहाचा थर्मास माझ्याकडे.