आजोबांच्या रिळांना कृपया कुणी पाणी लावू नका

मी: माळ्यावरचा पत्र्याचा डबा आज उघडला. आत आजोबांनी घेतलेल्या घरगुती फिल्मची अकरा रिळं आपापल्या डब्यांत आहेत, नऊ लहान आणि दोन मोठी. झाकण काढताच नाकात झोंबणारा आंबट वास आला. दोन रिळांवर पांढरी बुरशी आहे.

दादा: प्रोजेक्टर माझ्याकडे आहे. रविवारी घेऊन येतो. भिंतीवर लावू आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून इथे घरच्या ग्रुपवर टाकू.

मी: दादा, प्रोजेक्टर अजिबात नको. त्याचा आकडा कडेच्या भोकांत अडकून फिल्म खाली ओढतो. आपली फिल्म आक्रसली आहे, भोकांमधलं अंतर कमी झालंय. आकडा चुकला की भोकं फाटत जातात. मध्येच अडकली तर दिव्याच्या उष्णतेने ती फ्रेम जळते. आणि भिंतीवरून मोबाइलवर घेतलं तर चित्र फडफडतं, कारण फिल्म सेकंदाला १६ किंवा १८ फ्रेम्सची आणि मोबाइल ३० चा.

काका: वास येतोय म्हणजे दमट झालंय. दोन दिवस उन्हात ठेव, मग ओल्या फडक्याने पुसून घे. आम्ही फोटो पाण्यातच धुवायचो.

मी: काका, ऊन आणि पाणी दोन्ही नको. चित्र असतं जिलेटिनच्या थरात. तो पाण्याने फुगतो, मऊ पडतो आणि मग वरच्या वेढ्याला चिकटतो. बुरशी लागलेली असेल तर जिलेटिन आधीच पोखरलेलं असतं, पाणी लागलं की चित्रच पुसलं जाईल. लॅबमध्ये धुतात ते मोजलेल्या तापमानाला, ठरलेल्या रसायनांत.
वास दमटपणाचा नाही. फिल्मची पट्टी सेल्युलोज ॲसिटेटची आहे, ती विघटित होऊन ॲसिटिक ॲसिड सोडते, म्हणजे शिरक्यातलंच आम्ल. तेच आम्ल पुढचं विघटन आणखी वेगाने करतं. बंद डब्यात ते कोंडून राहतं. म्हणून वासाची चार रिळं मी बाकीच्यांपासून दूर, दुसऱ्या खोलीत ठेवली आहेत.

वहिनी: जुन्या फिल्म पेट घेतात असं ऐकलंय. घरात ठेवणं बरोबर आहे का?

मी: वहिनी, ती नायट्रेटची फिल्म, थिएटरमधली ३५ मिमी रुंदीची. घरगुती ८ आणि १६ मिमी पहिल्यापासून सुरक्षित पट्टीवरच बनायची. काळजी नको.

दादा: मग साफ करायचं कसं? कोरडंच?

मी: आधी कोरडंच. आज एक रीळ केलं, त्याला दीड तास लागला, आणि फिल्म चार मिनिटांचीच. दोन हातरहाटांवर हळूहळू गुंडाळायची. हातात सुती मोजे, फिल्म फक्त कडांना धरायची. धागे न सुटणारं मऊ कापड दुमडून फिल्म त्यातून अलगद जाऊ द्यायची, चिमटीत दाबायची नाही, कारण कापडात एक खडा अडकला तरी सगळ्या फिल्मवर लांब ओरखडा उमटतो. कापडाची घडी सारखी बदलत राहायची. मी बदलली तेव्हा प्रत्येक वेळी काळी रेघ निघाली.
चिकट डाग राहिले तर फिल्म क्लीनर किंवा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही सुरुवातीच्या कोऱ्या भागावर तपासून. कडेला आवाजाची तपकिरी पट्टी असलेल्या रिळाला यातलं काहीही लावणार नाही, ती सुटू शकते. ओलावा उडून गेल्याशिवाय पुढे गुंडाळायचं नाही.
खरा वेळ सांध्यांना जातो. आजोबांनी तुकडे टेपने जोडलेत, त्याचा गोंद बाहेर येऊन शेजारच्या वेढ्याला चिकटलाय. दोन सांधे हातातच सुटले. प्रत्येक सांधा पाहून नव्याने जोडते आहे, एकही फ्रेम कापत नाही. बुरशीची दोन रिळं बाल्कनीत, मास्क लावून, शेवटी.

धाकटी: एक रीळ पूर्ण गुलाबी आहे, फोटो पाहिला. रंग परत येतील?

मी: थोडे. त्यातलं निळसर-हिरवं रंगद्रव्य उडालंय. स्कॅननंतर संगणकावर समतोल साधता येतो, पण जे उरलंच नाही ते परत येत नाही. कोडॅक्रोमची, म्हणजे कोडॅकच्या एका रंगीत फिल्मची, तीन रिळं मात्र लख्ख आहेत, अंधारात ठेवलेलं कोडॅक्रोम फार टिकतं. ओरखड्यांचंही तसंच. पाठच्या चकचकीत बाजूचे ओरखडे द्रवात बुडवून स्कॅन केल्यावर जवळपास दिसेनासे होतात. चित्राच्या थरात खोल गेलेले राहतात.
स्कॅन करणाऱ्यांना मी एकच विचारणार: यंत्र दातेरी चाकांचं की बिनदात्यांचं? आक्रसलेल्या फिल्मला बिनदात्यांचंच हवं.

आत्या: बाळा, डब्यांवर बाबांचं अक्षर आहे ना? ते फेकू नकोस.

मी: नाही गं आत्या, प्रत्येकाचा फोटो काढून ठेवलाय. त्यातच एक कोडं आहे. एका डब्यावर '१९६३, मुलं अंगणात' लिहिलंय. पण आतल्या रिळाचं मधलं भोक मोठं आहे, म्हणजे ते सुपर ८, ८ मिमी फिल्मचाच नंतरचा प्रकार. सुपर ८ आलं १९६५ मध्ये. त्याआधीच्या ८ मिमीच्या रिळाचं भोक लहान असतं.

आत्या: म्हणजे डबे बदलले. पाहून झालं की आम्हीच हाताला येईल त्या डब्यात ठेवायचो. बाबा रागवायचे.

काका: बरोबर. १९६३ चं लहान भोकाचं असणार. शोध.

मी: लहान भोकाची पाच आहेत. थांबा, भिंगाखाली पाहते.

मी: सापडलं, क्रमांक ७. अंगण, एक मुलगी झोक्यावर, मागे कुणीतरी उभं. एका फ्रेमचा फोटो टाकलाय, अंधुक आहे.

काका: झोक्यावर ही आत्याच.

आत्या: मी नाही रे. मी मागे उभी आहे, झोका देणारी. झोक्यावर आपली मोठी ताई आहे. तिचं हलतं चित्र आपल्याकडे आहे हे मला माहीतच नव्हतं.

काका: क्रमांक ७ ला वास आहे का?

मी: आहे, काका. सर्वांत जास्त त्यालाच.

आत्या: मग तेच आधी पाठव. बाकीची थांबतील.

मी: उद्याच देते. स्कॅन झालं की मूळ रिळं परत आणणार, कुणीही टाकायची नाहीत. हवा खेळणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यांत, थंड कोरड्या जागी राहतील. आत्या, फिल्मला आवाज नाही. स्कॅन आला की तू पाहता पाहता बोलायचं, मी शेजारी बसून रेकॉर्ड करेन.

आत्या: ये. दुपारनंतर ये, उजेड असताना मला नीट दिसतं.