गार्दा सरोवर: बोगदे, फेरीबोट आणि फिरण्याची दिशा

उत्तर इटलीतील गार्दा सरोवराची पूर्ण प्रदक्षिणा हाच सायकलीसाठी सर्वांत निसर्गरम्य मार्ग, असे काही जण सुचवतात. दक्षिण आणि पूर्व किनाऱ्यापुरते मी त्याच्याशी सहमत आहे. मात्र पश्चिम किनाऱ्यावर गार्न्यानोच्या पुढे रस्ता कड्याच्या पोटातून जातो, एकामागून एक बोगदे लागतात आणि शेजारून मोटारी जात असताना सरोवर अधूनमधूनच दिसते. शहरी वस्तीबाहेर रात्री आणि बोगद्यात सायकलस्वाराने परावर्तक जाकीट घालणे इटलीत कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे भर दुपारच्या सहलीतही ते आणि मागचा लाल दिवा सोबत हवाच. आम्ही पश्चिम किनाऱ्यावरील तोस्कोलानो-मादेर्नोहून पूर्व किनाऱ्यावरील तोर्री देल बेनाकोला जाणाऱ्या फेरीबोटीत सायकली चढवल्या आणि हा भाग टाळला. त्या निर्णयाचे समाधान आजही वाटते. इटलीत वाहने उजवीकडून चालतात, म्हणून सरोवर उजव्या हाताला राहील अशी, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फेरी आखावी. पाण्याच्या बाजूला थांबण्यासाठी रस्ता ओलांडावा लागत नाही.

एक दिवस हाताशी असल्यास कोमो सरोवराकाठच्या बेल्लाजोहून मादोन्ना देल गिझाल्लोचा चढ अवश्य करावा. ७५४ मीटर उंचीवरच्या या छोट्या ख्रिस्ती देवळातील मातेला, म्हणजे मरियमला, पोप पायस बारावे यांनी १९४९ मध्ये सायकलस्वारांची संरक्षक म्हणून घोषित केले. आत कोप्पी आणि बार्ताली या नामवंत इटालियन सायकलपटूंच्या सायकली टांगलेल्या आहेत. चढ सुरुवातीलाच तीव्र आहे, तेव्हा सकाळी लवकर निघावे.