एसपीयू_रन लगेच परत येतंय, प्रिंटएफचा पत्ताच नाही (जुना पीएस३)

माळ्यावरचा_पीएस३
नमस्कार मंडळी, मामेभावाच्या माळ्यावर जुना जाडा पीएस३ सापडला, त्यावर कोणीतरी यलो डॉग लिनक्स टाकून ठेवलेलं आणि नंतर नेटला कधी लावलाच नाही, त्यामुळे फर्मवेअर ३.१५ वरच अडकलंय, म्हणजे अदर ओएस (पीएस३ वर लिनक्स चालवायची सोय) अजून जिवंत आहे. हार्ड डिस्क फिरते हेच नवल. आता सेलचे (पीएस३ चा प्रोसेसर) एसपीयू, म्हणजे त्यातले मदतनीस कोअर, चालवून बघायची खाज सुटलीये आणि हौस म्हणून लिबएसपीई (त्यासाठीची तयार लायब्ररी) न घेता थेट सिस्टिम कॉलनेच करायचं ठरवलंय.

एसपीयू_क्रिएटने 'पहिला' नावाचा कॉन्टेक्स्ट (कर्नलने धरलेला जणू एक आभासी एसपीयू) केला, त्याचं फोल्डर दिसतं, आत मेम, एमबॉक्स, डब्ल्यूबॉक्स वगैरे फाइली आहेत. मेममध्ये (एसपीयूच्या मेमरीची फाइल) कोड ओतला, एनपीसीत (पुढची इन्स्ट्रक्शन कुठे आहे तो पत्ता) एन्ट्री पॉइंट दिला आणि एसपीयू_रन मारला. एसपीयूच्या मेनमध्ये एकच ओळ आहे, प्रिंटएफ "नमस्कार". स्क्रीनवर काही म्हणजे काही येत नाही. कॉल क्षणात परत येतो आणि रिटर्न व्हॅल्यू मिळते हेक्समध्ये २१०००००२. प्रिंटएफ काढून नुसतं रिटर्न शून्य ठेवलं तर २००००००२. एवढे मोठे आकडे म्हणजे एररच ना? दोन रात्री गेल्या यात.

शॉर्टकट_वाला
लिबएसपीई२ टाका, एसपीई_कॉन्टेक्स्ट_रन मारा, नमस्कार दिसेल, झोपा. कोण एवढा त्रास करतं आता. बाय द वे अपडेट चुकूनही मारू नका, १ एप्रिल २०१० ला जे ३.२१ आलं त्यात अदर ओएस काढून टाकलंय, लोकांना आधी एप्रिल फूल वाटलेलं.

जुना_पॉवरपीसी
लायब्ररी टाकली की दिसेल हे खरं, पण यांना का दिसत नाही ते कळायला हवंय ना. माळ्यावरचे भाऊ, तुमचा कोड बरोबर चाललाय, एररबिरर काही नाही.

आधी हे बघा की एसपीयू_रन हा रीड, राइटसारखा कॉल नाही. तुमचा थ्रेडच जणू पीपीई (सेलचा मुख्य कोअर, लिनक्स त्यावर चालतं) सोडून एसपीयूवर पळायला जातो, आणि एसपीयू थांबला की परत येतो. परत येताना जो आकडा आणतो तो एसपीयूचा स्टेटस असतो. शेवटचा २ म्हणजे स्टॉप अँड सिग्नल ही इन्स्ट्रक्शन आली म्हणून थांबला. (४ आला तर हॉल्ट, हेक्स २० आला तर चुकीची इन्स्ट्रक्शन.) वरच्या भागात स्टॉपचा कोड असतो. तुमचा दुसरा आकडा फोडा, २००० आणि २. २० ने सुरू होणारे कोड म्हणजे प्रोग्राम संपला, शेवटचे दोन अंक एक्झिट कोड. म्हणजे तुमचं रिटर्न शून्य व्यवस्थित झालंय, रिटर्न ३ करून बघा, २००३०००२ येईल.

आता पहिला आकडा. २१०० म्हणजे एसपीयू हाक मारतोय. त्या बिचाऱ्याकडे स्क्रीन नाही, फाइल नाही, कर्नल नाही, जे काही आहे ते २५६ केबीचं लोकल स्टोअर, म्हणजे त्याची स्वतःची मेमरी. त्यामुळे त्याच्या सी लायब्ररीतलं प्रिंटएफ स्वतः काही छापत नाही, आर्ग्युमेंट मांडून ठेवतं आणि स्टॉप २१०० मारून म्हणतं की बाबा माझ्या वतीने एवढं छाप. लिबएसपीई ही हाक ऐकून ओ देते, म्हणून शॉर्टकटवाल्यांना नमस्कार दिसतो. तुम्ही ओ देतच नाही, आकडा बघून प्रोग्राम संपवून मोकळे होता.

ओ द्यायची कशी, तर कॉल परत आला की एनपीसी त्या स्टॉपच्या पुढच्या शब्दावर असतो. तो शब्द इन्स्ट्रक्शन नाही, डेटा आहे. वरच्या ८ बिटांत कुठलं फंक्शन हवंय त्याचा नंबर, खालच्या २४ मध्ये आर्ग्युमेंट्सचा लोकल स्टोअरमधला पत्ता. मेम फाइल एममॅप करून (आपल्या प्रोग्रामच्या मेमरीत जोडून) तिथून वाचा, छापा, रिझल्ट परत लिहा, एनपीसीत ४ मिळवा आणि पुन्हा एसपीयू_रन मारा. ते ४ विसरलात तर एसपीयू डेटालाच इन्स्ट्रक्शन समजून चालवायला जाईल आणि मग खरंच एरर येईल. आणि हो, पत्ता लोकल स्टोअरचा आहे हे डोक्यात ठेवा, सरळ पॉइंटर समजून वापरलात तर तुमचा पीपीईवरचा प्रोग्राम आडवा पडेल. हे सगळं लूपमध्ये, २० ने सुरू होणारा कोड येईपर्यंत.

माळ्यावरचा_पीएस३
दंडवत दादा!! नमस्कार आला!! ते ४ मी विसरलोच होतो पहिल्यांदा, सिगइल (चुकीच्या इन्स्ट्रक्शनचा सिग्नल) खाऊन आडवा पडला, मग तुमची ओळ परत वाचली. हेडरमध्ये बघितलं तर एसपीयू_रनचा नंबर २७८ आणि एसपीयू_क्रिएटचा २७९, म्हणजे आधी पळा मग जन्माला या 😄

पुढची अडचण. एसपीयूकडून दोन आकडे हवेत म्हणून आउट मेलबॉक्समध्ये (एसपीयूने पीपीईला आकडे पाठवायचा डबा) लागोपाठ दोनदा लिहिलं, आणि एसपीयू_रन संपल्यावर पीपीईकडून एमबॉक्स फाइल वाचायची असं केलं. एक आकडा पाठवला तर मिळतो. दोन पाठवले की सगळं ठप्प, कंट्रोल सी शिवाय सुटका नाही.

दुपारची_पाळी
यात मी पण एकदा अख्खा रविवार घालवलाय. बाहेर जाणारा मेलबॉक्स एकच शब्द मावेल एवढा आहे, आत येणारा चार शब्दांचा. दुसरा शब्द लिहायला गेला की एसपीयू डब्यात जागा मोकळी होईपर्यंत तिथेच थांबतो, आणि जागा मोकळी करायची म्हणजे कोणीतरी पहिला वाचायला पाहिजे, आणि वाचणार कोण तर तुमचा मेन थ्रेड, जो एसपीयू_रनमध्ये अडकून बसलाय. तू आधी मी आधी. एसपीयू_रन वेगळ्या पीथ्रेडमध्ये टाका आणि मेनमधून वाचा. एमबॉक्स रिकामा असला तर वाचताना ईअगेन (आत्ता काही नाही, पुन्हा ये) येतं, वाट बघत थांबायचं असेल तर आयबॉक्स (इंटरप्टवाल्या मेलबॉक्सची फाइल) वापरा, पण मग एसपीयूकडूनही इंटरप्टवाल्या मेलबॉक्समध्येच लिहावं लागतं.

एक एसपीयू, एक थ्रेड हे सूत्रच धरा. पीएस३ वर चिपवर आठ, त्यातला एक बंद, एक हायपरवायझरने (लिनक्सच्याही खाली चालणारा सॉफ्टवेअरचा थर) धरलेला, तुम्हाला सहा.

शॉर्टकट_वाला
सात कॉन्टेक्स्ट केले तर? विचारून ठेवतो.

जुना_पॉवरपीसी
चालतील, कर्नल आळीपाळीने बसवतो, म्हणून तर कॉन्टेक्स्ट आणि प्रत्यक्ष एसपीयू वेगळे ठेवलेत. पण अदलाबदल महाग पडते, अख्खं २५६ केबी लोकल स्टोअर, १२८ रजिस्टरं १२८ बिटांची म्हणजे आणखी २ केबी, शिवाय चालू असलेले डीएमए (मेन मेमरीशी डेटाची ने-आण), सगळं काढायचं आणि दुसऱ्याचं भरायचं. माझं स्पष्ट मत, सहाच्या वर जाऊ नका. स्पूएफएस (एसपीयू फाइलींच्या रूपात दाखवणारा कर्नलचा भाग) मेन कर्नलमध्ये २.६.१६ ला आलं, २००६ साली, त्यांनी ड्रायव्हर आणि आयओसीटीएल (ड्रायव्हरला हुकूम द्यायचा कॉल) न करता फाइलसिस्टिम आणि दोन कॉल केले हे मला आजही आवडतं, कॉन्टेक्स्ट नुसता एलएसने बघता येतो. २००८ मध्ये लॉस अलामॉसच्या रोडरनर सुपरकॉम्प्युटरने पेटाफ्लॉप (सेकंदाला हजार लाख कोटी गणितं) ओलांडला तो याच सेलच्या मोठ्या भावावर, पॉवरएक्ससेल ८आयवर.

माळ्यावरचा_पीएस३
सहा थ्रेड, सहा नमस्कार, दर वेळी वेगळ्या क्रमाने. चौथा एसपीयू जवळपास नेहमी शेवटी येतो, का ते उद्या बघतो. मामेभाऊ शेजारी बसून विचारतोय की गेम कधी लागणार.