इंग्लंडमधल्या डरहॅमच्या कोळसाखाण गावातला बँडचा फोटो: माणसं कशी ओळखायची?

प्रश्न: पोस्टकार्डावर छापलेला फोटो आहे. २४ वादक, नावं कुठेच नाहीत. सुरुवात कुठून करू?

उत्तर १: आधी फोटो आरशातल्यासारखा उलटा छापलेला नाही ना, ते बघा. कॉर्नेटचे (ट्रम्पेटसारखं छोटं पितळी वाद्य) व्हॉल्व्ह, म्हणजे कळा, उजव्या हाताने दाबतात. सगळेच डावखुरे दिसले तर डावीकडून लावलेली नावं चुकणारच. मग ६०० डीपीआयला स्कॅन करून मोठ्या ड्रमवरचं बँडचं नाव वाचा.

उत्तर २: कार्डाची मागची बाजू पत्ता आणि मजकूर अशी विभागलेली असेल तर १९०२ किंवा नंतरचं. अर्ध्या पेनीचं तिकीट असेल तर बहुधा जून १९१८ पूर्वी पाठवलेलं.

उत्तर ३: चेहऱ्यावरून नावं ठोकून देऊ नका, भाऊ-चुलतभाऊ सारखेच दिसतात. वाद्यावरून जा. स्पर्धांच्या जुन्या बातम्यांत कधीकधी एकल वादकाचं नाव वाद्यासकट सापडतं. ते १९११ आणि १९२१ च्या जनगणनेशी ताडा. १९३१ ची शोधत बसू नका, ती जळाली.