बोहारणीच्या गाठोड्यातून परत काढलेले कपडे

गेल्या रविवारी बोहारीण आली होती. तीन जरीच्या साड्या, नवऱ्याच्या चार पँटी आणि एक ब्लँकेट, बदल्यात झाकणाचं पातेलं. घासाघीस चालू असताना ढिगातून माझा सनकोट डोकावला. 1996 सालचा, पांढरा म्हणायचा इतकंच. खिशावर शाईचा डाग, खालच्या घेराला लुनाच्या सायलेन्सरने पाडलेलं भोक. मी तो ओढून घेतला, तर बाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ताई, तसाबी ह्यो कुनी घेत न्हाय."

साड्या गेल्याचं काही वाटलं नाही. त्या मी लोकांच्या लग्नांत नेसले. सनकोट घालून मी बारा वर्षं सिंहगड रोड ते शिवाजीनगर केलं, मुलीला पाळणाघरात सोडलं, वडील ससूनमध्ये होते तेव्हा डबा पोचवला.

तुम्हीही असं काही परत काढून घेतलं असेल तर लिहा. किमती आणि पोत नकोत, गोष्ट सांगा.

* * *

आमच्याकडे आजीचा शालू आहे. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा आमचा वाडा शनिवार पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. वडील नऊ वर्षांचे. आजी मुलांना घेऊन अंगावरच्या कपड्यांनिशी पर्वतीवर गेली. पूर ओसरल्यावर ट्रंक चिखलात सापडली. शालू तिने किती पाण्यांतून काढला कोण जाणे, पण एका घडीवर गढूळ रेघ राहिली ती राहिलीच.

पण खरी गोष्ट शालूची नाही, शर्टाची आहे. मदत म्हणून आलेल्या कपड्यांतला एक शर्ट वडिलांच्या वाट्याला आला. दोन मापं मोठा, खिशावर दुसऱ्याच कुणाची अक्षरं भरलेली. शाळा सुरू झाली आणि वर्गातला एक मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, "हा माझ्या दादाचा." त्याच्या मनात काही वाकडं नसणार. वडिलांनी सत्तरी ओलांडली, पण आजही गारठले तरी सख्ख्या भावाचा स्वेटर अंगात घालत नाहीत.

माझ्या लग्नात तोच शालू काढला. आईचं चाललं होतं, रेघ निऱ्यांत दडवू. आजी म्हणाली, "दिसू दे की."

* * *

माझा माळा साडेतीन फुटी आणि फ्लॅटचा भाव चौरस फुटावर. मी कपड्याचा फोटो काढतो आणि कपडा देऊन टाकतो. (एनसीसीची टोपी आहे कुठेतरी. ती मोजू नका.)

* * *

नारायण पेठेतल्या आमच्या गच्चीवर एकाच दोरीवर आजोबांचा खादीचा सदरा आणि काकांची खाकी हाफपँट वाळायची. दोघं एकमेकांशी राजकारण बोलत नसत. आजी दोन्हींच्या मध्ये आपलं लुगडं टाकायची. 2016 साली संघाच्या गणवेशात फुलपँट आली. काकांनी नवी लगेच शिवून घेतली, पण काकूने जुनी हाफपँट स्कूटर पुसायला काढली तेव्हा घरात तीन दिवस अबोला.

* * *

लिहू की नको असं होत होतं. आमच्या पणजीची धाकटी बहीण चौदाव्या वर्षी विधवा झाली. केशवपन झालं आणि जन्मभरासाठी तांबडं अलवण आलं. कपडे माणसाबद्दल बोलतात म्हणतो आपण. अलवण तर रस्त्यावरच्या परक्या माणसालाही सगळं सांगून मोकळं व्हायचं, तिला स्वतःला बोलायला काही शिल्लकच नाही. पुढे ती कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमात शिकली, मास्तरीण झाली. पहिल्या पगारात तिने बोटभर निळ्या काठाचं पांढरं लुगडं घेतलं. काठ! पेठेत कुजबुज झाली म्हणे, सख्ख्या भावाने महिनाभर बोलणं टाकलं.

अलवण कुणी जपून ठेवलं नाही, ते बरंच झालं. लुगडं विरलं तेव्हा पणजीने त्याचा काठ कापून घेतला. आमच्या देवघरातली पोथी अजून त्याच पट्टीने बांधलेली असते. निळा आता राखाडीकडे झुकलाय, आणि गाठीपाशी इतका झिजलाय की मी हल्ली गाठ मारत नाही, नुसती गुंडाळते.

* * *

मी मावळातली, आता वारज्याला. आईने माझ्या लेकाला गोधडी शिवून दिली. आत आजोबांचं धोतर, खाली तिचं इरकली लुगडं, वर ठिगळं. लेक झोपताना एकेका ठिगळावर बोट ठेवतो. हा आईचा शाळेचा निळा स्कर्ट, हा आत्याचा खणाचा परकर. एक गुलाबी फुलाफुलाचं आहे, त्याचं विचारलं की आई म्हणते, "हाय एकीचं," आणि पुढचं ठिगळ दाखवते.

* * *

सनकोटवाल्या ताई, माझी गोष्ट स्कार्फची. कॉलेजात असताना मी मित्राच्या गाडीवर मागे बसून नळ स्टॉपला सिग्नलला थांबले होते. तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल, हातात कोपरापर्यंत मोजे. पुण्यातल्या पोरीला या वेशात यमही ओळखायचा नाही. शेजारी स्कूटर येऊन थांबली. बाबा! मी शांत. त्यांनी एकदा बघितलं, सिग्नल सुटला, ते कर्वे रोडने पुढे गेले.

रात्री जेवताना सगळं नेहमीसारखं. आमटी वाढून घेतली, मॅचचा स्कोअर विचारला. हात धुवायला उठताना दाराच्या खिळ्यावर लटकलेल्या स्कार्फकडे बघून म्हणाले, "ही निळी ओढणी तुझ्या आईच्या ड्रेसवरची. लक्ष्मी रोडवरून मीच आणली होती."